सभामंडपाला निधी, शाकारणीला ठेंगा

‘पंचवीस-पंधरा’मधून काय काय होतं हे खेड्यातल्या कुणालाही विचारा. सभामंडप होतो, पेव्हर ब्लॉक होतात, स्मशानशेड होते, कमान उभी राहते, हायमास्ट लागतो. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली कामं ज्यातून होतात ते ग्रामविकास खात्याचं हे लेखाशीर्ष. गावोगाव ते इतकं अंगवळणी पडलंय की आकडा हेच त्याचं नाव होऊन बसलं. या निधीतून एखाद्या देवळाची शाकारणी झाली, म्हणजे कौलं परतून झाली, चावडीचे कुजके वासे बदलले, असं मात्र माझ्या कानावर अजून आलेलं नाही. येणार तरी कसं? आमदार यायचा, नारळ फुटायचा, कोनशिलेवर नावं लागायची. परतलेल्या कौलांवर नाव लिहायचं कुठे?

जुने वाडे, देवळं, घरं पडताहेत म्हणून हळहळणारं लिखाण आपल्याकडे पुष्कळ होतं. दिंडी दरवाजा, चौक, ओटी, माजघर, मग दोन ओळी आजीच्या हातच्या पिठल्याच्या. त्या हळहळीत मला सामील व्हायचं नाही, कारण तिचा पायाच भुसभुशीत आहे. जणू ह्या इमारती दोनशे वर्षं जशाच्या तशा उभ्या होत्या आणि परवा सिमेंट आलं तेव्हा बिघडल्या. असं कधीच नव्हतं. गावातली जुनी इमारत म्हणजे सतत बदलत आलेली इमारत. पूर्वी ती दुरुस्त होता होता बदलायची, आता पडून नाहीतर पाडून बदलते. माझी तक्रार एवढ्याच फरकाबद्दल आहे. आणि हा फरक काळाच्या ओघात आपोआप पडला असं मला वाटत नाही. आपण पैसा कशावर घालतो आणि कशावर घालत नाही, त्यातून तो पडलाय.

कोकणातलं लाल कौलारू घर घ्या. पर्यटनाच्या प्रत्येक जाहिरातीत ते ‘पारंपरिक’ म्हणून असतं. बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. त्याआधी कोकणात बहुतेकांची छपरं गवता-पेंढ्याची, आणि ऐपत असेल त्याच्याकडे कुंभाराने चाकावर घडवलेली नळीची कौलं. मंगलोरी कौल सपाट, खाचेत खाच बसणारं, नळीच्या कौलांपेक्षा छपराचा भार कमी करणारं. ते गलबतांतून बंदरात उतरू लागलं आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांत, मुंबईच्या मनीऑर्डरी येतील तसतशी, वाड्यावस्त्या लाल होत गेल्या. म्हणजे आपण ज्याला अस्सल कोकणी म्हणतो ते छप्पर परदेशी मिशनच्या कारखान्याचा माल होता, आणि आपल्या पणजोबांनी तो आनंदाने घेतला. (काही जुन्या कौलांच्या पाठीवर कारखान्याच्या नावासोबत १८६५ हे सालही उठवलेलं असतं. ते वाचून आपलं घर १८६५ चं असल्याचं ठासून सांगणारे भेटतात. त्यांचा विरस करू नये.)

घाटावर आणि मराठवाड्यात तर एक इमारत दुसरीला खात आलेली आहे. धाब्याच्या, म्हणजे माळवदाच्या घराचं छप्पर मातीचं. लाकडी तुळया, त्यावर फळ्या नाहीतर काटक्या, त्यावर पाला आणि वर हातभर जाडीचा मातीचा थर. दर उन्हाळ्यात, पाऊस लागायच्या आत, त्यावर खाऱ्या मातीचा नवा हात फिरवायचा. ही पांढरी माती कुठून आणायची? गावातल्या पडक्या गढीतून. एकेकाळी देशमुखाचा दरारा सांगणारे बुरूज गावाने टोपल्या-टोपल्यांनी आपल्या डोक्यावर चढवले. गढी झिजली, घरं गळायची थांबली. त्याच गावात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड, कुणाच्या तरी पायरीला लागलेला असतो, यादवकालीन देवळाचा घडीव चिरा विहिरीच्या काठाला. इतिहासप्रेमींना ही नासधूस वाटते. मला यात गावाची काटकसरच जास्त दिसते.

वापर तर बदलतच आले. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात वाफगावला होळकरांच्या भुईकोटात रयत शिक्षण संस्थेची शाळा भरली. साताऱ्याच्या जुन्या राजवाड्यात सरकारी हायस्कूल भरायचं, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या पटावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढलं. छत्रपतींच्या वाड्यात त्या मुलाने शिकावं, ही त्या वास्तूच्या आयुष्यातली सर्वांत मोठी घटना होती असं मी म्हणेन. ‘मूळ स्वरूपात जतन’ करायचंच ठरलं असतं तर ती घडली नसती.

तेव्हा बदलाला माझा नकार नाही. मग बिनसलं कुठे? छपरावर.

जुनी इमारत भिंतीतून मरत नाही, छपरातून मरते. एक कौल माकडाने सरकवलं की थेंब रिपेवर, रिपेवरून वाशावर, वाशाच्या टोकातून भिंतीच्या माथ्यावर. मातीत बांधलेली भिंत तळातून थोडीफार ओल सोसते, पण माथ्यातून पाणी प्यायला लागली की दोन-चार पावसाळ्यांत पोटातून फुगते. म्हणून शाकारणी दरसाल. एप्रिल उतरता उतरता सुतार वर चढतो, एक जण शिडीवर, खाली हातोहात देणाऱ्यांची रांग. कौल खाली आलं की बोटाच्या पेराने वाजवून बघायचं. खणखणीत वाजलं तर शेवाळ घासून ठेवायचं, बद्द वाजलं तर वेगळं काढायचं. वाशाचं टोक भिंतीवर जिथे टेकतं तिथे पटाशी टोचायची. मऊ लागलं तर तो वासा बदलायचा, शेजारच्याला हात लावायचा नाही. मग वळचणीकडून आढ्याकडे एकेक ओळ पुन्हा चढवायची. वेगळी काढलेली कौलं मागच्या पडवीला किंवा गोठ्याला. साध्या घराचं हे काम दोन-तीन दिवसांत आटपतं. असा एकेक वासा, एकेक ओळ बदलत शंभर वर्षांत सगळं छप्पर नवं होतं आणि कुणाला ते कळतही नाही.

पूर्वी याचा खर्च कोण करायचं? घरापुरता घरधनी, आणि सुताराला-कुंभाराला बलुतं. सार्वजनिक इमारतींचं बोलायचं तर तिथे प्रकार वेगळा होता. चावडी झाडणं, सारवणं, गावकूस लिंपणं ही वतनातली कामं, आणि ती महारांच्या वाट्याला टाकलेली. हे काम करणाऱ्याला त्याच चावडीच्या ओट्यावर बसायची मुभा नव्हती. देऊळ सुस्थितीत राहायचं, पण त्याच्या पायरीशी कुणाला थांबवायचं हेही ठरलेलं होतं. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावावे लागले. जुन्या गावाची जी देखणी डागडुजी आपण आठवतो तिच्यात वेठबिगार मिसळलेली होती. बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं, वतनं कायद्याने जायला १९५८ उजाडलं. पाटीलकी गेली १९६२ मध्ये. ती व्यवस्था मोडली हे उत्तमच झालं, त्यात खंत करण्यासारखं काही नाही.

खंत आहे ती पुढची. वतन गेलं, पण वतनात जे काम फुकट करून घेतलं जायचं ते कुठे गेलं? चावडी तलाठ्याकडे आली, शाळा १९६२ पासून जिल्हा परिषदेकडे, धर्मशाळा आणि पार ग्रामपंचायतीकडे. मालक बदलले. राबणारे हात मोकळे झाले, पण त्या हातांच्या जागी पगार देऊन कुणाला नेमलं नाही. फुकट होत आलेल्या कामाला किंमत असते हे आपल्या हिशेबात कधी आलंच नाही. साठ वर्षं झाली, अजून आलेलं नाही.

उलट सगळी सरकारी यंत्रणा एकाच दिशेने ढकलत राहिली. ग्रामपंचायतीचा नमुना आठ काढून बघा. घरपट्टीसाठी घरांची प्रतवारी असते: झोपडी किंवा मातीचं, दगड-विटांचं पण मातीत बांधलेलं, चुन्या-सिमेंटातलं, आणि सर्वांत वर आरसीसी. कर बसवायला हे ठीक आहे. पण हीच उतरंड लोकांच्या डोक्यात प्रतिष्ठेची उतरंड होऊन बसली. घरकुलाच्या योजनेत तर ‘कच्चं घर’ हीच पात्रता. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेत सपाटीच्या भागात एक लाख वीस हजार मिळतात आणि किमान २५ चौरस मीटर बांधावं लागतं. ज्याच्या डोक्यावर छप्परच नाही त्याला ही योजना देवासारखी आहे, तिच्याविरुद्ध बोलण्याचा हक्क स्लॅबखाली झोपणाऱ्या मला नाही. पण ज्याच्या घराच्या भिंती हातभर जाड आणि धड आहेत, फक्त छप्पर खचलंय, त्याने काय करायचं? छपरापुरते पैसे मागायची सोय नाही. सगळं पाडून २५ मीटरचं नवं बांधलं तर सगळे पैसे मिळतात. माणूस शहाणा असतो, तो पाडतो.

इंजिनिअरची अडचणही समजून घेतली पाहिजे. शाखा अभियंत्याला अंदाजपत्रक करायचं तर दरसूचीतली बाब लागते. नवं काँक्रीट, सळई, वीटकाम, फरशी यांचे दर पाठ असतात, मोजमाप पुस्तकात नोंदही सोपी. ‘वाशाचं कुजलेलं टोक कापून नवा तुकडा जोडणे’ हे काम वर चढून वासे टोचल्याशिवाय मोजताच येत नाही. वर चढल्यावर दोन निघतील की बारा, आधी कोण सांगणार? लेखापरीक्षक विचारणार, अंदाज का चुकला. त्यापेक्षा पाडकाम दाखवावं, निर्लेखन करावं, म्हणजे इमारत निकामी म्हणून दप्तरातून काढून टाकावी, नवं बांधावं. कागद स्वच्छ राहतो. खासदार निधीची नियमावलीही टिकाऊ मालमत्ता उभी करण्यासाठीच लिहिलेली, देखभालीचा खर्च तिच्यात वर्षानुवर्षे वर्ज्य होता. मालमत्ता टिकाऊ हवी आणि टिकवण्याचा खर्च नको, हे तर्कट कुणाला सुचलं कोण जाणे.

इथे कुणीतरी किल्लारीचं नाव काढणार, आणि काढलंच पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणेश विसर्जनानंतरची रात्र. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली, आणि बहुतेकांना मारलं ते त्यांच्याच घरांनी. दोन-दोन हात जाडीच्या दगडी भिंती, वर माळवदाची टनावारी माती. त्या पट्ट्यातल्या लोकांच्या मनात दगडाबद्दल जी धास्ती बसली तिला मी अडाणीपणा म्हणणार नाही. जुन्या घरांची थोरवी गाणाऱ्याने आधी या गावांत जाऊन ती गाऊन दाखवावी.

पण त्या भिंती का पडल्या तेही बघावं लागतं. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या अंगाला मोठे दगड, मधल्या पोटात मातीत कालवलेला भरडा. दोन्ही अंगांना शिवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड क्वचित. हादरा बसला तशी भिंत उभी चिरून दोन पापुद्र्यांसारखी सुटली, पोटातला भरडा ढासळला, आणि आधार सुटल्यावर वरची माती खाली आली. त्यातच वर्षानुवर्षे गळती थांबवायला जुना थर न काढता नवा थर चढवत गेल्याने माळवदाचं वजन वाढत गेलेलं. भूकंपानंतर अभियंत्यांनी उभ्या राहिलेल्या घरांसाठी जे उपाय सांगितले ते यावरूनच निघाले: भिंतीला ठरावीक अंतरावर भोकं पाडून आरपार बांधदगड बसवा, कोपरे एकमेकांना बांधा, छपरावरची माती कमी करा. सगळे डागडुजीच्या जातीचे. पुनर्वसनात त्या धर्तीवर घरं मजबूत करण्याचा कार्यक्रमही होता. लोकांचा ओढा मात्र नव्या घराकडे होता, आणि जिथे घरातली माणसं गेली तिथे दुसरं काही होणं शक्यही नव्हतं. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. माझं म्हणणं एवढंच की भूकंपाने मातीतल्या भिंतीचा एक ठरावीक दोष दाखवला आणि आपण सबंध महाराष्ट्रात त्याचा अर्थ ‘दगड वाईट, स्लॅब चांगला’ असा लावून घेतला.

स्लॅब चांगला असतो, पाणी बाहेर राहतं तोवर. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेत आणि १९८९ च्या जवाहर रोजगार योजनेत बांधलेल्या शाळाखोल्या, समाजमंदिरं आज बघा. कोकणच्या खाऱ्या दमट हवेत सळई गंजते, गंजली की फुगते, फुगली की खालचं काँक्रीट खपलीसारखं पोरांच्या डोक्यावर सुटतं. कौल पडलं तर कौल बदलता येतं. सळई आतून गेलेल्या स्लॅबला गावातला गवंडी काय करणार? वरून गिलाव्याचा हात मारतो आणि पुढच्या वर्षी तोही पडतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निंबोडीत जिल्हा परिषद शाळेची खोली कोसळून मुलं दगावली. त्यानंतर धोकादायक खोल्यांची पाहणी झाली, निर्लेखनाचे प्रस्ताव निघाले. दरसाल दोन दिवस वर चढून बघणारा माणूस नेमला असता तर कितीशी पाहणी करावी लागली असती?

आता देवळांकडे येतो, कारण पैसा खरा तिथे आहे. राज्य सरकारने काही वर्षांपूर्वी सिन्नरचं गोंदेश्वर, खिद्रापूरचं कोपेश्वर, राजापूरचं धूतपापेश्वर अशा आठ प्राचीन मंदिरांच्या जतनाचा कार्यक्रम आखला. छान आहे. पण राज्यात चाळीस हजारांवर गावं आहेत आणि प्रत्येकात किमान एक देऊळ. त्यांचा ‘जीर्णोद्धार’ पुरातत्त्व खात्याला विचारून होत नाही, विचारायची कायद्याने गरजही नसते. तो होतो मे महिन्यातल्या बैठकीत. मुंबई-पुण्याची मंडळी आलेली असतात, वर्गणीचे आकडे बोलले जातात, कुणीतरी शेजारच्या गावच्या नव्या देवळाचा फोटो मोबाइलवर फिरवतो. तिथे म्हाताऱ्या गुरवाने ‘लाकूड अजून धड आहे’ म्हटलं तरी ऐकू येत नाही. वर्गणी मोठी जमली हेच संकट असतं. लाखभर जमले असते तर छप्पर दुरुस्त झालं असतं. पंचवीस लाख जमले म्हणून कोरीव खांब उतरतात, टाइल्स लागतात, स्टीलचे कठडे येतात. उतरलेले खांब कुठे जातात हे बघायचं असेल तर महामार्गावरच्या एखाद्या ‘वाडा’ नावाच्या हॉटेलात जेवायला जा. तिथे ते पॉलिश करून उभे असतात आणि आपण त्यांच्यासोबत सेल्फी काढतो.

पैसे थोडे असतील तर तैलरंग. काळ्या पाषाणाच्या देवळाला दर जत्रेला भगवा, पिवळा, निळा हात. कोरीवकामाच्या रेषा बुजतात आणि दगडातली ओल रंगाखाली कोंडून राहते. पुढे जाणत्या कुणाला उपरती झाली की तोच रंग काढायला वाळूचा फवारा मारतात, त्यात दगडाचा वरचा पापुद्राही जातो. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देतात तेव्हाही हेच. आतली ओल बाहेर पडत नाही, भिंतीला लोणा लागतो, गिलावा फुगतो, मग निष्कर्ष निघतो की जुनी भिंतच टाकाऊ.

वाड्यांबद्दल थोडक्यात. गांधीहत्येनंतरच्या, १९४८ च्या जाळपोळीत पश्चिम महाराष्ट्रातले पुष्कळ गेले. कुळकायद्याने उरलेल्यांचं उत्पन्न गेलं, आणि ज्या कुळांच्या घामावर ते उभे होते त्यांना जमीन मिळाली हे न्याय्यच झालं. बाकीचे वाटण्यांनी गिळले. बारा वारसांपैकी अकरांना नको असलेल्या वाड्याची डागडुजी सरकारने करावी असं मला वाटत नाही. पडू द्यावेत.

मागणं सार्वजनिक इमारतींपुरतं आहे. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात दुरुस्तीचं वेगळं शीर्ष असावं आणि ते नव्या बांधकामाकडे वळवता येऊ नये. दरसूचीत कौल, लाकूडजोड, चुना, आरपार बांधदगड यांचे दर यावेत आणि ‘वर चढल्यावर दिसेल तितकं’ अशा कामाला ठरावीक मर्यादेत मुभा असावी. यात पैसे खाल्ले जातील, असा आक्षेप येईल. जातील थोडे. पण नव्या सभामंडपात किती जातात हे गावात सर्वांना ठाऊक असतं, आणि तिथे कुणी ही शंका काढून काम थांबवत नाही. वर्गणीतून होणाऱ्या जीर्णोद्धारावर कायदा आणू नये, भांडणं लागतील. पाडण्याआधी एका सुताराने आणि एका अभियंत्याने छपरावर चढून लेखी द्यावं आणि ते ग्रामसभेत वाचलं जावं, एवढी प्रथा पडली तरी पुष्कळ. सुतार म्हणताना अडखळतो, कारण कौलारू छपराचं काम जाणणारा सुतार आता चार-पाच गावांत मिळून एखादा, आणि त्याचा मुलगा ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवतो. दरसाल हमीचं काम असेल तर तोही येईल. आठवणींच्या हळव्या लेखांनी येणार नाही.

आणि पैसे वेळेवर यावेत, ही सगळ्यांत बिनमहत्त्वाची वाटणारी पण सगळ्यांत अडवणारी बाब. सरकारी वर्ष ३१ मार्चला संपतं. मार्चमध्ये निधी संपवायची धावपळ, त्यात जे पटकन ओतून बिल काढता येतं तेच होतं. शाकारणीचा हंगाम एप्रिल-मे, म्हणजे नेमका तिजोरीचा खडखडाटाचा काळ. १ मेच्या ग्रामसभेत छपराचा विषय निघाला तर ग्रामसेवक खरं तेच सांगतो की नव्या वर्षाचा हप्ता अजून आलेला नाही. तो येतो तेव्हा श्रावण लागलेला असतो आणि छपरावर निळं प्लॅस्टिक. हे दोन कॅलेंडर जुळवायला नवा कायदा लागत नाही. दुरुस्तीच्या शीर्षातली शिल्लक ३१ मार्चला परत न घेता जूनपर्यंत गावाच्या खात्यात ठेवायची, एवढा एक शासन निर्णय पुरेल.